व्हँडरबिल्टच्या नावावर खपवला जाणारा धडा

उद्योजकतेवरच्या मराठी व्याख्यानांत आणि यशाची सूत्रे सांगणाऱ्या अनुवादित पुस्तकांत कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट हमखास भेटतो. अकराव्या वर्षी शाळा सोडलेला मुलगा, सोळाव्या वर्षी आईकडून घेतलेले १०० डॉलर, त्यातून आलेली शिडाची होडी, आणि १८७७ साली मृत्यूच्या वेळी सुमारे १० कोटी डॉलरची मालमत्ता. मधल्या साठ-पासष्ट वर्षांचा अर्थ वक्ते एका दमात लावून टाकतात. सरकारपुढे हात न पसरता, कोणाचा आधार न घेता, कष्ट आणि स्पर्धा या दोनच गोष्टींच्या बळावर एक माणूस इथवर पोहोचला, असे ते सांगतात. मग पुढची वाक्ये ठरलेली असतात: उद्योजकाला मोकळे सोडा, कायदे कमी करा, आणि जो मागे राहिला त्याने आधी स्वतःकडे बघावे.

होडी खरी होती, कष्ट खरे होते, हिंमत तर विलक्षण होती. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी हरकत आहे ती त्या आयुष्यातून काढल्या जाणाऱ्या धड्याला, कारण तो धडा त्या आयुष्यात सापडत नाही. व्हँडरबिल्टच्या प्रत्येक मोठ्या उडीखाली काहीतरी सार्वजनिक आहे. कधी न्यायालयाचा निकाल, कधी सरकारी टपालाचा पैसा, कधी शहराचा रस्ता, कधी दुसऱ्याच देशाची नदी. आणि त्याचे काही सर्वांत फायद्याचे सौदे असे आहेत की त्यांत त्याने एकाही उतारूला कुठेही नेले नाही. न नेण्याचेच पैसे घेतले.

होडीपासूनच सुरुवात करू. व्हँडरबिल्टचा जन्म १७९४ चा, न्यूयॉर्क बंदरातल्या स्टेटन बेटावरचा. वडील थोडी शेती करायचे आणि होडीतून माल मॅनहॅटनला पोहोचवायचे. म्हणजे धंदा घरातलाच होता आणि बंदराचे पाणी लहानपणापासून ओळखीचे होते. आईने दिलेले १०० डॉलर १८१० च्या सुमारास बेटावरच्या शेतकरी कुटुंबाला किरकोळ वाटावेत असे नव्हते. १८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध सुरू झाले, तेव्हा बंदराभोवतीच्या किल्ल्यांना रसद पोहोचवण्याचे सरकारी कंत्राट या तरुण होडीवाल्याला मिळाले. त्याच्या पहिल्या भरभराटीत सरकारी पैसा आहे. व्याख्यानात ही गोष्ट मी कधी ऐकलेली नाही.

खरी उडी त्यानंतरची. न्यूयॉर्क राज्याने आपल्या हद्दीतल्या पाण्यावर आगबोट चालवण्याचा मक्ता रॉबर्ट फुल्टन आणि रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांना देऊन टाकला होता. एरन ऑग्डेनने त्यांच्या बाजूकडून परवाना घेतला. थॉमस गिबन्सने मात्र केंद्र सरकारच्या किनारी वाहतुकीच्या परवान्यावर आपली बोट सोडून या मक्त्यालाच आव्हान दिले. हा गिबन्स जॉर्जियातला श्रीमंत मळेवाला, गुलामांचा मालक. १८१७ च्या अखेरीस व्हँडरबिल्ट त्याच्याकडे नोकरीला लागला. 'बेलोना' ही बोट घेऊन न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागायचे, पकडायला आलेल्या अधिकाऱ्यांना चुकवायचे आणि उतारू भरून परत निघायचे, हे काम त्याने वर्षानुवर्षे केले. अशा कप्तानाशिवाय गिबन्स टिकला नसता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण खटला गिबन्सचा होता, पैसा गिबन्सचा होता. सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू डॅनियल वेबस्टर आणि विल्यम वर्ट यांनी मांडली. २ मार्च १८२४ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार संघराज्याच्या काँग्रेसचा आहे आणि केंद्राचा परवाना असलेल्या बोटीला न्यूयॉर्कचा मक्ता अडवू शकत नाही. १८२९ मध्ये व्हँडरबिल्टने गिबन्स घराण्याची नोकरी सोडून स्वतःचा धंदा मांडला, तेव्हा त्याच्या बोटी ज्या पाण्यावर धावल्या ते केंद्राच्या कायद्याने आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोकळे केलेले होते. राज्याने वाटलेला मक्ता मोडायला संघराज्याची सत्ता लागली. नुसती हिंमत पुरती पडली नसती.

याच वर्षांत घर कोण चालवत होते, हेही विचारायला हवे. १८१३ मध्ये त्याने सोफिया जॉन्सनशी लग्न केले. तेरा मुले झाली. न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकला 'बेलोना हॉल' नावाची उतारूंची खानावळ सोफियाने चालवली आणि तिच्या उत्पन्नावर संसार ओढला. नवरा पुढच्या बोटीसाठी पैसा बाजूला टाकू शकला तो यामुळे. कर्तबगार माणसाच्या आरंभी एका बाईचे १०० डॉलर आणि दुसऱ्या बाईची खानावळ असते, आणि गोष्ट सांगताना पहिलीचे नाव कौतुकापुरते येते, दुसरीचे येतही नाही. १८४६ मध्ये याच सोफियाला त्याने काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. ज्याला हे आयुष्य आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवायचे आहे, त्याने तेही सांगायला हवे.

आता स्पर्धेकडे येऊ. व्हँडरबिल्टचे वकील इथे सर्वांत ठाम असतात, आणि त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहेही. १८३४ मध्ये त्याने हडसन नदीवर न्यूयॉर्क ते ऑल्बनी या मार्गावर जम बसलेल्या बोटवाल्यांच्या संघाविरुद्ध बोटी उतरवल्या. आपल्या सेवेला त्याने 'जनतेची' हे नाव दिले आणि मक्तेदारीविरुद्ध वर्तमानपत्रांत जाहिराती छापल्या. भाडी डॉलरवरून सेंटांवर आली. सामान्य माणूस प्रथमच परवडेल अशा पैशात नदी चढू-उतरू लागला. गोष्ट इथे थांबवली तर तो खरोखर जनतेचा माणूस ठरतो.

पण गोष्ट इथे थांबत नाही. संघाने त्याला मोठी रक्कम आणि वर वर्षासन देऊ केले, त्याने ते घेतले आणि आपल्या बोटी ऑल्बनीच्या मार्गावरून काढून घेतल्या. भाडी पुन्हा चढली. ज्या मक्तेदारीविरुद्ध त्याने जनतेला हाक दिली होती, तिच्याशीच त्याने सौदा केला आणि त्या सौद्याचे पैसे पुढे उतारूंनी भरले. स्वस्त भाडे हे त्याचे हत्यार होते. हत्यार उगारून पैसे मिळाले की तो ते म्यान करत असे.

भाडेयुद्ध म्हणजे काय, हे मराठी माणसाला परक्याकडून शिकण्याची गरज नाही. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' समुद्रात उतरली, तेव्हा ब्रिटिश जहाज कंपन्यांनी तिला बुडवण्यासाठी दर पाडले होते. ते दर पाडणे ग्राहकांवरच्या प्रेमापोटी होते असे आपण म्हणत नाही. १९२३ च्या करारात सिंदियाला स्वतःवर मर्यादा घालून घ्याव्या लागल्या, हेही आपण विसरत नाही. मग तेच शस्त्र न्यूयॉर्कच्या बंदरात चालवणाऱ्याला आपण वेगळा न्याय का लावतो?

सर्वांत मोठा पुरावा कॅलिफोर्नियाच्या मार्गाचा आहे. १८४९ च्या सोन्याच्या धावपळीत पूर्व किनाऱ्यावरून सान फ्रान्सिस्कोला जाणारे हजारो लोक पनामाच्या संयोगभूमीवरून जात. त्या मार्गाच्या दोन्ही समुद्रांवरच्या कंपन्यांना टपाल नेण्यासाठी सरकारी अनुदान होते. व्हँडरबिल्टने निकाराग्वाचा मार्ग शोधला: सान हुआन नदीतून वर, मग निकाराग्वाचे विशाल सरोवर, मग पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत काही मैलांची खुष्कीची वाट. नदीतल्या खळाळांवरून तो स्वतः छोटी आगबोट घेऊन गेला. १८५१ मध्ये मार्ग सुरू झाला. तो पनामापेक्षा जवळचा होता आणि त्याने भाडी खाली आणली. हे काम मोठे होते. त्या कामासाठी निकाराग्वाच्या सरकारने त्याच्या कंपनीला आपल्या नदीचा आणि सरोवराचा हक्क दिला होता. बदल्यात ठरलेली वार्षिक रक्कम आणि नफ्याचा दहावा हिस्सा मिळायचा होता. नफा झालाच नाही, असे कंपनी निकाराग्वाला सांगत राहिली.

१८५३ मध्ये व्हँडरबिल्ट कुटुंबकबिला घेऊन 'नॉर्थ स्टार' या स्वतःच्या जहाजातून युरोपच्या सफरीवर गेला आणि मागे चार्ल्स मॉर्गन व कॉर्नेलियस गॅरिसन यांनी कंपनी ताब्यात घेतली. इथेच ते प्रसिद्ध पत्र येते. कायदा फार सावकाश चालतो, मी तुम्हाला धुळीस मिळवीन, अशा आशयाचे हे पत्र भिंतीवर टांगण्याच्या वचनासारखे सांगितले जाते. टी. जे. स्टाइल्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या पत्राच्या खरेपणावर शंका घेतली आहे. ते पहिल्यांदा छापून आले ते त्याच्या मृत्यूनंतर, मृत्युलेखात. आणि प्रत्यक्षात व्हँडरबिल्ट न्यायालयात गेलाच. कायद्याला तुच्छ मानणारा जो व्हँडरबिल्ट तरुणांना दाखवला जातो, त्याने आयुष्यभर कायद्याचा वापर मोठ्या कसबाने केला.

पुढे विल्यम वॉकर नावाचा अमेरिकन साहसी भाडोत्री सैनिक घेऊन निकाराग्वात घुसला, १८५६ मध्ये स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणवून बसला आणि त्याने त्या देशात गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. तोवर पुन्हा व्हँडरबिल्टच्या हाती आलेल्या जुन्या कंपनीचा हक्क रद्द करून त्याने तो मॉर्गन-गॅरिसन यांच्या बाजूला दिला, म्हणून व्हँडरबिल्ट त्याच्या विरोधात उभा राहिला. त्याने आपला माणूस कोस्टा रिकाच्या सैन्याकडे पाठवला. नदीवरच्या आगबोटी त्या सैन्याच्या ताब्यात गेल्या, वॉकरची रसद तुटली आणि मे १८५७ मध्ये तो शरण आला. या युद्धात ग्रॅनडा शहर जळाले. युद्धातून पसरलेल्या कॉलऱ्याने कोस्टा रिकात हजारो माणसे मेली.

आता मार्ग पुन्हा सुरू होणार, अशी निकाराग्वाची अपेक्षा असणार. तो सुरू झाला नाही. कारण मार्ग चालवण्यापेक्षा बंद ठेवण्यात जास्त पैसा होता. पनामाच्या मार्गावरच्या अनुदानित कंपन्या व्हँडरबिल्टला स्पर्धेत न उतरण्याबद्दल दरमहा ४० हजार डॉलर देऊ लागल्या आणि पुढे ही रक्कम दरमहा ५६ हजारांवर गेली. वर्षाला ६ लाख ७२ हजार डॉलर, आणि त्यासाठी एकही जहाज हलवायचे नाही. १८५८ मध्ये सिनेटर रॉबर्ट टूम्ब्स यांनी सिनेटमध्ये याच आकड्याकडे बोट दाखवले: सरकार या कंपन्यांना टपालासाठी वर्षाला ९ लाख देते आणि व्हँडरबिल्ट त्यांच्याकडून गप्प बसण्याचे पैसे वसूल करतो. १८५९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे संपादक हेन्री रेमंड यांनी अग्रलेखात त्याची तुलना ऱ्हाइन नदीकाठच्या मध्ययुगीन सरदारांशी केली. ते सरदार जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांना अडवून खंडणी घेत. १८६० मध्ये व्हँडरबिल्ट आणि पॅसिफिक मेल कंपनीने भांडण कायमचे मिटवले. अटलांटिक बाजू त्याची, पॅसिफिक बाजू त्यांची. समुद्र वाटून घेतल्यावर स्पर्धेचे नावही उरले नाही.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजे. अमेरिकेतले काही मुक्त-बाजारवादी लेखक उद्योजकांचे दोन वर्ग करतात. एक सरकारी मदतीवर जगणारे आणि दुसरे बाजारात लढणारे. व्हँडरबिल्ट त्यांच्या मते दुसऱ्या वर्गाचा शिरोमणी. दाखला एडवर्ड कॉलिन्सचा. अटलांटिकवर टपाल नेण्यासाठी कॉलिन्सला वर्षाला ३ लाख ८५ हजार डॉलरचे अनुदान होते, ते १८५२ मध्ये ८ लाख ५८ हजारांवर गेले. व्हँडरबिल्टने कमी पैशात हे काम करून दाखवतो म्हणून काँग्रेसला प्रस्ताव दिला, तो फेटाळला गेला, आणि तरीही त्याने विनाअनुदान जहाजे चालवली. कॉलिन्सची 'आर्क्टिक' १८५४ मध्ये बुडाली, 'पॅसिफिक' १८५६ मध्ये बेपत्ता झाली, १८५८ पर्यंत कॉलिन्सचा धंदा संपला. अनुदानाने आळस पोसला, हे इथे खरे आहे. कॉलिन्सच्या जहाजांवरची ऐषआरामाची उधळण करदात्यांच्या पैशाने चालली होती, आणि ती थांबली हे चांगलेच झाले.

पण या युक्तिवादातून व्हँडरबिल्ट स्वच्छ बाहेर येत नाही. कॅलिफोर्नियाच्या मार्गावरचे ५६ हजार कुठून येत होते? त्याच टपाल अनुदानातून आणि त्या अनुदानाच्या आडोशाने चढवलेल्या भाड्यांतून. प्रतिस्पर्धी सरकारी तिजोरीतून थेट घेत होते, तो त्यांच्याकडून घेत होता. तिजोरी एकच होती. शिवाय काँग्रेसला दिलेला १८५५ चा त्याचा प्रस्तावही अनुदान बंद करा असा नव्हता. अनुदान मला द्या, थोडे कमी द्या, असा होता. दोन वर्गांची ही वाटणी पुस्तकात नेटकी दिसते, त्याच्या हिशेबाच्या वह्यांपुढे ती टिकत नाही.

आगगाडीचा भाग मी थोडक्यात घेतो, कारण तिथे वाद कमी आहे. १८६३ मध्ये न्यूयॉर्क-हार्लेम रेल्वे हाती आल्यावर तिला मोल आले ते ब्रॉडवेवर घोड्यांच्या ट्राम चालवण्याच्या परवानगीमुळे. ब्रॉडवे शहराचा रस्ता, परवानगी नगरपरिषदेची. नगरसेवकांनी हाती नसलेले शेअर विकून मग परवानगी रद्द केली आणि भाव पाडायचा डाव टाकला. व्हँडरबिल्टने सगळे शेअर उचलून त्यांना कोंडीत पकडले. ते नगरसेवक लाचखाऊ होते, त्यांची मला दया येत नाही. पण या दोन्ही बाजूंच्या मधोमध जे होते ते लोकांचे होते, आणि लोक या सौद्यात कुठेच नव्हते.

जानेवारी १८६७ मध्ये त्याने आपल्या हडसन रिव्हर रेल्वेच्या गाड्या ऑल्बनीच्या पुलाअलीकडेच थांबवल्या. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनी उन्हाळ्यात माल बोटींनी पाठवायची आणि नदी गोठली की त्याच्या रेल्वेकडे यायची. ही त्याची तक्रार रास्त होती. पण ती मांडण्याची रीत अशी की कडाक्याच्या थंडीत उतारूंना सामानसुमान घेऊन नदीपलीकडे पायी जावे लागले आणि न्यूयॉर्क शहराचा पश्चिमेशी संबंध तुटला. सेंट्रल कंपनी नमली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती त्याच्या ताब्यात गेली. डिसेंबर १८६८ मध्ये तिच्या भागधारकांना ८० टक्के नवे कागदी भाग वाटले गेले, आणि पुढच्या वर्षी ऑल्बनीच्या विधिमंडळाच्या कायद्याने दोन्ही रेल्वे एक झाल्या. मालमत्तेची खरी किंमत वाढली होती, कागद तिच्या मागून आले, असा बचाव केला जातो. वाढली असेलही. पण त्या वाढीव भागांवरचा लाभांश भाड्यातूनच काढायचा होता, आणि भाडे देणाऱ्या शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला मते नव्हती. १८७१ मध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावर ग्रँड सेंट्रल स्थानक उघडले. त्याच्या उत्तरेला फोर्थ अॅव्हेन्यूवर गाड्यांखाली माणसे मरू लागली, लोकांनी ओरड केली, आणि रूळ रस्त्याखाली नेण्याचा निम्मा खर्च शहराने उचलला.

त्याला नुसता लुटारू म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. त्याच्या आगबोटी वेगवान आणि काटकसरीने बांधलेल्या असत. हातात आलेल्या रेल्वे त्याने मोडकळीतून वर काढल्या, लहान लहान तुकडे जोडून न्यूयॉर्कपासून आत खोलवर जाणारा एक सलग मार्ग उभा केला. यादवी युद्धात त्याने स्वतःच्या नावाचे 'व्हँडरबिल्ट' हे मोठे जहाज देशाच्या आरमाराला देऊन टाकले. १८७३ पासून टेनेसीतल्या नॅशव्हिल इथल्या विद्यापीठाला सुमारे दहा लाख डॉलर दिले. कारागीर म्हणून, संघटक म्हणून त्याला मी मान देतो. म्हणूनच त्याला ठोकळेबाज बोधकथेत कोंबलेले मला खपत नाही. त्याची खरी बुद्धी नदी कुठे अरुंद होते, पूल कुठे आहे, परवाना कोणाच्या सहीने मिळतो हे ओळखण्यात होती. ही बुद्धी दुर्मीळ असते. पण ती ज्या नद्यांवर, पुलांवर आणि सह्यांवर चालते, त्या कोणा एकट्याच्या नसतात.

मृत्यूनंतर सुमारे ९५ टक्के संपत्ती एकट्या मुलाकडे, विल्यम हेन्रीकडे गेली. मुलींनी आणि धाकट्या मुलाने मृत्युपत्राविरुद्ध खटला लढवला. १८७९ मध्ये न्यूयॉर्क विधिमंडळाच्या हेपबर्न समितीने रेल्वेच्या कारभाराची चौकशी केली, तेव्हा काही बड्या व्यापाऱ्यांना गुपचूप सवलतीचे दर आणि बाकीच्यांना चढे दर हा प्रकार उघडा पडला. त्या वेळी व्हँडरबिल्टच्या रेल्वेचा कारभार विल्यम हेन्रीकडे होता आणि त्याला समितीपुढे साक्ष द्यावी लागली. १८८७ मध्ये काँग्रेसने आंतरराज्य व्यापाराचा कायदा केला आणि रेल्वेने दर वाजवी ठेवावेत, ते जाहीर करावेत, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा दर लावू नये असे बंधन घातले. काँग्रेसला हा अधिकार मिळाला तो राज्यघटनेच्या त्याच कलमातून, ज्याचा अर्थ मार्शल यांनी १८२४ मध्ये गिबन्सच्या खटल्यात लावला होता. त्याच कलमाच्या जोरावर 'बेलोना' न्यूयॉर्कच्या धक्क्याला उजळ माथ्याने लागली होती. व्हँडरबिल्टचे नाव घेऊन कायदे कमी करा म्हणणाऱ्यांनी आता स्पष्ट सांगावे की त्यांना यांतले काय नको आहे. १८८७ चे बंधन नको असेल, तर ज्या अधिकारातून ते आले त्याच अधिकाराने १८२४ मध्ये मोडलेला न्यूयॉर्कचा मक्ता त्यांना चालला असता का, याचेही उत्तर त्यांनी द्यावे.